पंपार्थे अक्षता

वय झालेल्याला मान द्यावा, हे आपल्याकडे कुणाला शाळेत घालून शिकवावं लागत नाही. सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं तर आपण आवाज चढवतो, सासूबाईंचे दात पडले तर भाकरी दुधात कुस्करून देतो. त्यांना नेऊन कुठे सोडून येत नाही. हा मान फक्त विमानांना मिळत नव्हता. परदेशात तर विमानानं पंचविशी ओलांडली की त्याला एखाद्या वाळवंटात नेऊन उभं करतात आणि पुन्हा विचारपूससुद्धा करत नाहीत, असं म्हणतात. ही निष्ठुर चाल मोडून काढण्याचं पुण्यकर्म १९९५ सालाच्या आसपास दिल्लीत घडलं, आणि ते ‘वयोवृद्ध वायुयान परीक्षण कक्ष’ नावाच्या एका छोट्या सरकारी कार्यालयाच्या हातून घडलं. कक्षात खुर्च्या नऊ, माणसं पाच आणि खिडकी एक. (खिडकीतून विमानतळ दिसत नसे. निर्णयावर दडपण येऊ नये म्हणून जागा तशी निवडली होती.)

या कक्षाचे उपप्रमुख गुणवंतराव खांबेटे. मूळचे साताऱ्याचे, परीक्षा देऊन केंद्राच्या नोकरीत आले आणि बावीस वर्षं दिल्लीत मुरले. माणूस सरळ. कंपनीवाल्यांचा चहासुद्धा घेत नसत. घरून थर्मास नेत. फाइलवर शेरा लिहिण्याआधी फूटपट्टी ठेवून पेन्सिलीनं ओळ आखून घेत, आणि शेरा वाळला की ती ओळ खोडरबरानं पुसून टाकत. कक्षात येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्यांनी एक हजारावर विमानतपासण्या मंजूर केल्या, आणि एकदाही विमान तपासायला हँगरमध्ये गेले नाहीत. प्रत्यक्ष पाहिलं की मन एका बाजूला झुकतं, असं त्यांचं मत होतं.

राहायला आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. घरात पत्नी प्रमोदिनी आणि नववीतली मुलगी चेतना. क्वार्टरच्या बरोबर डोक्यावरून विमानं उठत. प्रमोदिनीबाईंची पूजा सकाळी साडेसहाला सुरू व्हायची आणि सहा चाळीसचं विमान स्नानाच्या मंत्रावर यायचं. मग त्या पळी हातात धरून थांबायच्या, ते जाऊ द्यायच्या आणि पुढचा शब्द उचलायच्या. वर्षानुवर्षं असं थांबल्यामुळे त्यांना सहा चाळीसचं विमान आवाजावरून ओळखता यायचं, जसं जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते कळतं.

हे विमान नीलहंस एअरवेज या कंपनीचं होतं. त्या वर्षांत ज्याला त्याला विमानकंपनी काढायची होती. नीलहंसचे मालक पूर्वी पानिपतहून चादरी आणि ब्लँकेटं परदेशी पाठवत. (विमानाशी संबंध आलेला नव्हता असं नाही. ब्लँकेटं विमानानंच जात.) कंपनीचं मुख्यालय गुडगावला होतं. चारी बाजूंनी मोहरीची शेतं आणि मधोमध निळ्या काचांची सहा मजली इमारत; त्या काचांत स्वतःला पाहून मोर भांडत. लिफ्ट होती, वीज यायची होती.

कंपनीकडे विमानं तीन. दोन हँगरमध्ये उभी राहून तिसऱ्याला सुटे भाग पुरवत आणि तिसरं उडत असे. या तिसऱ्याला हँगरमधले सगळे ‘मौसी’ म्हणत. मौसीचा जन्म १९६९चा, कुठल्याशा थंड देशातला. ऐन तारुण्य तिथं गेलं. मग एका वाळूच्या देशात दहा वर्षं, आणि नंतर एका बेटावर, जिथं तिच्यातून माणसांबरोबर मासळीही जायची. (पावसाळी हवेत तिसऱ्या रांगेतल्या प्रवाशांना अजून त्याची आठवण होई.) १९९२ साली ती भारतात आली, तिला निळा रंग दिला, नवा क्रमांक दिला.

आता तिचं वय काय धरायचं? प्रश्न नाजूक होता. त्यासाठी तीन जणांची समिती बसली, चार बैठका झाल्या, आणि समितीनं एकमतानं असं ठरवलं की मुलगी लग्न होऊन सासरी आली की तिचं नाव बदलतं, आणि तिच्या संसाराची वर्षं कुणी माहेरापासून मोजत नाही. सबब विमानाचं वय शेवटच्या रंगकामाच्या तारखेपासून मोजावं. अशा तऱ्हेनं मौसी तीन वर्षांची ठरली. या सूत्रानं देशातल्या विमानांचं सरासरी वय एका दिवसात एकोणीसवरून चारवर आलं, आणि ही प्रगती वार्षिक अहवालात आलेखासह छापण्यात आली.

हँगरमध्ये एकच माणूस हे मानायला तयार नव्हता. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, पंजाबी मेकॅनिकसुद्धा. अण्णासाहेब कोल्हापूरकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले, मुनिरक्याला विद्यार्थ्यांच्या गजबजाटात एक खोली घेऊन राहणारे. मौसीच्या देखभालीची नोंदवही त्यांच्या हातात होती आणि त्यांचं अक्षर सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरात त्यांनी लिहिलं होतं : ‘डावा हायड्रॉलिक पंप गळतो. बदलावा.’ हे त्यांनी सतरा वेळा लिहिलं होतं.

हायड्रॉलिक पंप म्हणजे काय, ते गुणवंतरावांनी माहितीपुस्तिकेत पाहिलं. मौसीला असे दोन पंप होते, डावा आणि उजवा. चाकं बाहेर काढणं आणि ब्रेक लावणं ही कामं मुख्यतः त्यांच्याकडे. म्हणजे उडायला त्यांची फारशी गरज नसते, उतरायला असते. डावा पंप बनवणारा परदेशी कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती, आणि हँगरमधल्या दोघी बहिणींनी आपापले पंप मौसीला कधीच देऊन टाकले होते.

अठराव्यांदा नोंद झाली त्या दिवशी सहा चाळीसचं उड्डाण अडून राहिलं आणि सकाळी अकरा वाजता फाइल गुणवंतरावांच्या टेबलावर आली. नमुना क्रमांक चारमध्ये दोनच रकाने : ‘भाग बदलला’ आणि ‘उड्डाणास मनाई’. पाठोपाठ नीलहंसचे व्यवस्थापक चड्ढासाहेब यांचा फोन आला. ते कधीही दमदाटी करत नसत.

“खांबेटेजी, एक सौ सोलह पैसेंजर बैठ चुके हैं,” ते म्हणाले. “नाश्ता भी दे दिया. अब आप ही बताइए, उतार दूँ?”

गुणवंतरावांनी उभ्या आयुष्यात कुणाला कशावरून उतरवलं नव्हतं. डीटीसीच्या बसमध्ये आपल्या जागेवर कुणी बसलं तरी ते दांडा धरून उभे राहत. त्यांनी फूटपट्टी घेतली, ओळ आखली, आणि कोणत्या रकान्यात लिहावं या विचारात पेन धरून बसले.

आता इथं एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. महिन्यातले चार दिवस घरातली पूजा गुणवंतरावांकडे यायची. प्रमोदिनीबाईंची पूजा चाळीस मिनिटं चालायची. कापसाची वस्त्रं त्या स्वतः करायच्या, फुलं निवडून घ्यायच्या, गंध उगाळायच्या. गुणवंतरावांची पूजा सात मिनिटांत व्हायची, कारण त्यांना एक शास्त्रोक्त सोय सापडली होती. पूजेत देवाला द्यायची एखादी गोष्ट घरात नसली तर तिच्याऐवजी अक्षता वाहता येतात. दागिना नसला तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणायचं आणि चार दाणे टाकायचे. ही सोय त्यांनी वाढवत वाढवत वस्त्र, गंध, फूल, धूप इथवर नेली होती. अकरा वर्षांत त्यांनी देवाला अक्षतांखेरीज जवळपास काही दिलं नव्हतं, आणि देवाकडून लेखी तक्रार आलेली नव्हती.

त्या दिवशी सकाळी पूजा त्यांचीच होती. हाताच्या बोटांना कुंकू अजून लागलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि त्यांना मार्ग दिसला. दोन्ही रकाने तसेच सोडून त्यांनी मधल्या रेघेवर, सरळ ओळीत लिहिलं :

‘पंप उपलब्ध नसल्यामुळे पंपाऐवजी पंपाविषयीचं निवेदन जोडलं आहे. मान्य.’

आणि सही केली. मौसी उडाली. संध्याकाळी उतरली. दुसऱ्या दिवशीही उडाली आणि उतरली. एखाद्या पद्धतीची परीक्षा यापेक्षा कसून कशी घ्यायची?

महिनाभरात ‘पर्यायी समर्पण परिपत्रक’ निघालं. त्याचा मसुदा अर्थातच गुणवंतरावांचा. पहिलंच कलम असं होतं : ‘जी वस्तू मिळत नाही, तिच्याऐवजी तिच्याविषयीचा कागद सद्भावनेनं जोडल्यास ती वस्तू बसवण्यात आली आहे असं समजण्यात येईल.’ या कलमानं देशाच्या विमानवाहतुकीला जो वेग दिला, तो इंजिनांना देता आला नव्हता. नीलहंसच्या एकाच तिमाहीतल्या समर्पणांची यादी वाचली तरी कल्पना येते :

लाइफ जॅकेटं, एकशे सोळा. त्याऐवजी दिल्ली ते पुणे या मार्गात समुद्र नसल्याचा भूगोलाच्या प्राध्यापकांचा दाखला, एक.

सीटबेल्टची बक्कलं. मूळची मिळेनात, तेव्हा करोल बागेतून, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्याकडून घेतली. (ही चांगली बसली. मागच्या आठ रांगांत मारुतीची, पुढे अँबॅसॅडरची.)

ऑक्सिजनचे मुखवटे. चाचणीत एकशे सोळांपैकी एकतीस खाली पडले. उरलेले पडले नाहीत, ते ‘घट्ट बसवलेले’ म्हणून नोंदवण्यात आले.

अंधारात दार दाखवणारे दिवे. त्याऐवजी हवाईसुंदरीला दाराची जागा पाठ असल्याचं प्रतिज्ञापत्र.

मधल्या वाटेखालचा तडा. त्याऐवजी पानिपतचा गालिचा, मोरांच्या नक्षीचा. हा मालकांनी घरचा दिला.

वर्षअखेरीस कक्षानं आकडेवारी काढली. नोंदवलेले बिघाड एकाहत्तर टक्क्यांनी घटले होते. विलंब जवळपास संपला होता. अण्णासाहेबांची नोंदवही मात्र फुगत चालली होती, म्हणून ती ‘जुनी झाल्यामुळे’ जमा करून घेण्यात आली आणि त्यांना नवी कोरी वही देण्यात आली. तिच्यात प्रत्येक पानावर तीनच ओळी होत्या.

गुणवंतरावांचं नाव झालं. गुडगावच्या एका नव्या हॉटेलात परिसंवाद झाला, त्यात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. (नारळ दिल्लीत मिळाला नाही, त्याऐवजी सफरचंद होतं. ते त्यांनी समजून घेतलं.) ते जमिनीवर चालणारे गृहस्थ, डोक्यात वारं गेलं नाही. पण घरी येताना पहिल्यांदाच त्यांनी डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे मान वर करून पाहिलं, आणि त्यांना ते आपल्या घरचंच वाटलं.

पुढच्या फेब्रुवारीत मौसी चार वर्षांची व्हायची होती. चड्ढासाहेबांनी वाढदिवसाचं खास उड्डाण ठरवलं : रविवारी सकाळी सहा चाळीस, दिल्ली ते पुणे. फुगे, केक, उपमा, आणि कक्षातल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी मानाच्या जागा. योगायोग असा की प्रमोदिनीबाईंचे सोळा सोमवार नेमके तेव्हाच पुरे होत होते. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून त्यांनी ते धरले होते, आणि उद्यापन त्याच्याच घरी, पुण्याला, सोमवारी करायचं होतं.

गुणवंतराव चहाचंही मिंधेपण न घेणारे. पण चड्ढासाहेबांनी पाठवलेलं पाकीट त्यांना भेट वाटली नाही, आमंत्रण वाटलं. ते त्यांनी ऑफिसातच उघडलं. आत दोन पास होते. एकावर टाइप केलेलं : सौ. प्रमोदिनी खांबेटे, १४ ब. दुसऱ्यावर : कु. चेतना खांबेटे, १४ क.

अकरा वर्षांत त्यांनी एक हजारावर फाइली पाहिल्या होत्या. त्यात प्रवासी असत, पण एकशे सोळा असत. नाव कुणालाच नसे. गुणवंतरावांनी पास पुन्हा पाकिटात घातले, थर्मासमधला चहा कपात ओतला, तो न पिता परत थर्मासमध्ये ओतला, आणि शिपायाला विचारलं की हँगरला कुठली बस जाते.

अण्णासाहेबांनी त्यांना ओळखलं नाही. सही ओळखत होते. नाव सांगितल्यावर मात्र त्यांनी खुर्ची पुसून दिली. गुणवंतरावांनी डावा पंप पाहायचा आहे म्हटलं. अण्णासाहेबांनी शिडी लावली, स्वतः वर चढले, पत्र्याचं झाकण उघडलं आणि साहेबांना वर यायला सांगितलं.

पंपाच्या जागी पंप नव्हता. पंपाच्या जागी, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवून, चार स्क्रूंनी पक्कं बसवलेलं गुणवंतरावांचं निवेदन होतं. सही वरच्या बाजूला येईल असं लावलेलं.

“जुना पंप फारच गळायला लागला, तेव्हा काढला,” अण्णासाहेब म्हणाले. “जागा उघडी ठेवता येत नाही ना साहेब. परिपत्रकात ‘जोडलं आहे’ असं आहे. मग जोडलं.”

गुणवंतरावांनी एका स्क्रूवर बोट ठेवून पाहिलं.

“बसलंय व्यवस्थित,” अण्णासाहेब पुढे म्हणाले. “आणि एक सांगतो, गळत नाही.”

“आणि उजवा?”

“उजवा एकटाच दोघांचं करतोय. सून बाळंतपणाला गेल्यावर सासू करते तसं. करतेय, पण बसल्या जागेवरून उठताना पाहा तिला.” अण्णासाहेबांनी झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले. “मी लिहिलं असतं साहेब. वहीत जागा नाही.”

संध्याकाळी गुणवंतराव घरी आले तेव्हा प्रमोदिनीबाई गॅलरीत उद्यापनासाठी अक्षता निवडत बसल्या होत्या. अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. त्या एकेक दाणा बोटानं पुढे सारायच्या, उजेडाकडे धरायच्या, बारीकशी चीर दिसली तरी बाजूला टाकायच्या. चांगल्या दाण्यांची वाटी लहान होती, बाजूला टाकलेल्यांचा ढीग मोठा. चेतना कठड्याला टेकून उभी होती.

“आई, क्या फरक पडता है?” ती म्हणत होती. “चावल तो चावलच आहे ना. तुटलेला कुणाला दिसणारे?”

“मला दिसतोय की,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

चेतना आत गेल्यावर गुणवंतराव वेताच्या मोढ्यावर बसले. ढिगातला एक मोडका दाणा उचलून पाहिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की अक्षता नेमक्या कशाकशाच्या बदली चालतात.

“देवाला? सगळ्याच्या.”

गुणवंतरावांचा जीव जरा खाली पडला. मग त्यांनी सगळं सांगितलं. परिपत्रक, पंप, चार स्क्रू, पाकिटातले दोन पास. प्रमोदिनीबाईंचं बोट दाण्यांवरून फिरत राहिलं. शेवटी त्यांनी ताट मांडीवरून खाली ठेवलं.

“देवाला वस्त्र लागतं का हो?”

“नाही.”

“दागिना?”

“नाही.”

“म्हणून त्याला अक्षता चालतात. ज्याला काहीच लागत नाही, त्याच्याशीच अशी बदली करता येते. तुमच्या मौसीला पंप लागतो.”

खालच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. एक विमान गेलं. दोघंही ते जाईपर्यंत थांबले.

“दिवाळीपासून तिच्या आवाजात फरक आहे,” त्या म्हणाल्या. “कण्हल्यासारखी वर चढते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुमचंच काम ते.”

गुणवंतराव म्हणाले की त्या दोघींनी विमानानं जायचं नाही, शुक्रवारच्या झेलम एक्स्प्रेसनं जायचं; तिकिटांचं ते ऑफिसच्या कोट्यातून बघतील.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं. “आणि आमच्या जागांवर कोण बसेल?”



दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी नोकरीतला सगळ्यात छोटा शेरा लिहिला. ओळ आखली नाही, त्यामुळे तो थोडा वाकडा आला. ‘विमान उडवू नये.’ खाली सही केली आणि फाइल शिपायाच्या हाती न देता स्वतः कक्षप्रमुखांकडे घेऊन गेले.

कक्षप्रमुख समंजस गृहस्थ होते. त्यांनी शेरा दोनदा वाचला, गुणवंतरावांच्या कर्तव्यबुद्धीचं मनापासून कौतुक केलं, खुर्ची दिली. फक्त एक अडचण होती. उड्डाण रोखायचं तर नमुना क्रमांक नऊ भरावा लागतो, आणि तो १९८७ पासून छापलेला नव्हता, कारण मागणी नव्हती. गुणवंतराव म्हणाले, साध्या कागदावर लिहून देतो. कक्षप्रमुख हसले, आणि प्रेमानंच हसले.

“अरे खांबेटे, आप ही का सर्कुलर है भई.”

आणि ते खरंच होतं. पहिलं कलम अगदी स्पष्ट होतं. जी वस्तू मिळत नाही, तिच्याऐवजी तिच्याविषयीचा कागद. उड्डाण रोखण्याची सोय उपलब्ध नव्हती. तेव्हा उड्डाण रोखण्याऐवजी, उड्डाण रोखल्याचा दाखला फाइलीला जोडण्यात आला. मौसी त्या दिवशी दुपारी बारा वाजल्यापासून सरकारी नोंदीत जमिनीवर उभी करण्यात आली. गुणवंतरावांची मागणी अशा रीतीनं पूर्णपणे मान्य झाली, आणि दाखल्याची एक प्रत त्यांना देण्यात आली.

ते तिथंच थांबले नाहीत, हे त्यांच्याविषयी सांगायला हवं. गुडगावला जाऊन त्यांनी चड्ढासाहेबांना हात जोडले. चड्ढासाहेबांनीही जोडले. ‘मैडम नहीं आ रहीं? कोई बात नहीं जी, वेटिंग में बहुत हैं,’ म्हणाले, आणि दोन्ही पास परत घेतले. १४ ब आणि १४ क या जागा पाच मिनिटांत भरल्या. त्यावर कोण बसलं ते गुणवंतरावांनी विचारलं नाही. पुढे कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मायलेकी पुण्याला पोचलेल्या होत्या. गुणवंतरावांनी एकट्यानं पूजा मांडली. त्या दिवशी वस्त्रही वाहिलं, गंधही उगाळलं. सहा चाळीसला मौसी डोक्यावरून गेली. पळी हातात धरून ते थांबले. आवाज विरून गेला तरी थांबून राहिले, आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना.

मौसी पुण्याला उतरली, हे मोकळेपणानं सांगून टाकते. पहिल्यांदा चाकं बाहेर आली नाहीत. दुसऱ्यांदा अर्धी आली. वैमानिकानं शहराभोवती तीन मोठ्या फेऱ्या घेतल्या आणि तिसऱ्या फेरीअखेर, हातानं कळ मारमारून, चाकं एकदाची खाली आली. या फेऱ्यांची जाहिरात नीलहंसनं पुढच्या आठवड्यात ‘वाढदिवसाची प्रदक्षिणा’ म्हणून केली. खिडकीतून सिंहगड दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसला होता. विमान थांबल्यावर प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते थांबण्याआधीच निम्मे उठून वरच्या कप्प्यातल्या पिशव्या काढत होते. अण्णासाहेबांनी हे सगळं ऐकून नव्या वहीतल्या तीन ओळींत मावेल एवढं लिहिलं. ते कुणी वाचलं नाही, कारण विमान जमिनीवर होतं.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जे विमान जमिनीवर उभं आहे त्याला हवेत अपघात होऊ शकत नाही, हे कुणीही मान्य करील. म्हणून मौसीची नियमित तपासणी त्या महिन्यापासून बंद करण्यात आली. मौसी रोज सकाळी सहा चाळीसला निघते, साडेआठला पोचते, आणि मधला सगळा वेळ सरकारी नोंदीप्रमाणे दिल्लीत उभी असते. तिच्याइतकं सुरक्षित विमान आज देशात दुसरं नाही.

गुणवंतरावांची बदली झाली. त्यांच्या जागी माणूस मिळाला नाही, म्हणून त्यांच्या सहीचा रबरी शिक्का टेबलावर ठेवण्यात आला आहे. काम अडत नाही. उलट ओळी अधिक सरळ येतात, असं सांगतात. गुणवंतराव आता दुसऱ्या भवनात टपाल नोंदवतात आणि महिन्यातल्या त्या चार दिवसांची पूजा त्यांना चाळीस मिनिटं पुरत नाही.

प्रमोदिनीबाई अजून स्नानाच्या मंत्रावर थांबतात. विमान डोक्यावर आलं की निवडलेल्या वाटीतले चार दाणे घेऊन देवासमोर टाकतात. चेतनानं एकदा विचारलं, हे चावल कशाच्या बदल्यात. “पंपाच्या,” त्या म्हणाल्या. “देव घेईल का, ठाऊक नाही. पण त्यात बसलेल्यांपैकी कुणी काही विचारत नाही, तर निदान आपण.”

आणि त्यांचं म्हणणं तपासून पाहता येतं. मौसीच्या प्रत्येक आसनासमोरच्या खिशात एक पिवळा अर्ज असतो. अण्णासाहेबांनी नीलहंसमधूनही निवृत्त होण्याआधी हट्टानं तो छापून घेतला. त्यात चार प्रश्न आहेत. विमान वेळेवर होतं का? हवाईसुंदरी हसतमुख होती का? उपमा गरम होता का? आणि चौथा : ‘आपल्याला या विमानाविषयी काही विचारायचं आहे का?’ पुढे पाच ओळी कोऱ्या. आजवर अकरा हजार चारशे सहा अर्ज भरून आले. चौथ्या प्रश्नापुढच्या पाच ओळी एकाही अर्जात भरलेल्या नाहीत. त्याऐवजी, प्रश्नार्थे म्हणा, लोकांनी तिसऱ्या प्रश्नाच्या समासात बारीक अक्षरात मजकूर समर्पित केला आहे.

ते गठ्ठे मी चाळले. वाचकहो, आपलाही अर्ज त्यात आहे, १४ ब चा. मोहरी जळली होती आणि चटणी दिलीच नाही, हे आपण अगदी पोटतिडकीनं लिहिलंय.